आदिवासी मुलींना पुढे शिकायचंच नसतं का? वसतिगृहातल्या २३ वर्षांवरून

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातपुड्याच्या पायथ्याशी एका कनिष्ठ महाविद्यालयात तुम्ही दोन वर्षांपूर्वी रुजू झालात. बारावीच्या वर्गात ३४ मुली, बहुतेक भिल्ल, पावरा, मावची घरांतल्या. पुढे काय करणार, असं विचारलं की निम्म्या खाली बघतात, उरलेल्या ‘नर्सिंग’, ‘पोलीस भरती’ नाहीतर ‘बघू’ म्हणतात. निकाल लागल्यावर आठ-दहाजणीच कुठेतरी प्रवेश घेतात. या मुलींमध्ये महत्त्वाकांक्षाच कमी असते का, आणि ती जागी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी नंदुरबार जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहांत गृहपाल म्हणून २३ वर्षं काढली. माझं उत्तर असं की ती जागी करायची गरज नाही. या मुलींची इच्छा दबकी असते, पण मेलेली नसते. ती मोडते साधारण मे ते सप्टेंबर या काळात: कागदांत, पैशांत आणि शहरातल्या पहिल्या काही आठवड्यांत. तुमची सगळी ताकद प्रेरणेच्या भाषणांऐवजी तिथे लावा.

आधी एक आकडा, कारण आपल्या मनातला एक समज त्याने दुरुस्त होतो. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात पटनोंदणीचं प्रमाण (१८ ते २३ वयोगटातल्या दर शंभरांमागे उच्च शिक्षणात किती) सगळ्या समाजांचं मिळून २८.४ टक्के होतं. आदिवासींचं, मुलं-मुली मिळून, २१.२ आणि एकट्या आदिवासी मुलींचं २०.९. त्याच्या सात वर्षं आधी, २०१४-१५ साली, आदिवासी मुलींचं हेच प्रमाण १२.२ होतं. म्हणजे आदिवासी मुलगी आपल्या समाजाच्या सरासरीला जवळजवळ टेकली आहे. मागे आहेत ते दोघंही, भाऊ आणि बहीण, आणि मागे आहेत ते बाकीच्यांच्या. ‘मुलगी म्हणून तिला शिकायचं नाही’ किंवा ‘घरचे मुलगी म्हणून शिकवत नाहीत’ यावर सगळं ढकलून आपण मोकळे होतो, तिथेच निदान चुकतं. आणि ज्यांच्या आयांच्या पिढीतल्या पुष्कळजणी शाळेची पायरी चढल्या नाहीत (२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या आदिवासी स्त्रियांची साक्षरता जेमतेम ५७ टक्के होती), त्या मुली इतक्या वेगाने पुढे येतात, त्यांना इच्छा नाही असं कसं म्हणायचं?

आता तुमच्या प्रश्नाच्या पद्धतीबद्दल. भर वर्गात, सरांसमोर, मुलांसमोर ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारलं की मुलगी तेच सांगते जे बोलल्यावर कुणी हसणार नाही. नर्स तिने आरोग्य केंद्रात पाहिलेली असते, पोलीस तिने चौकीत पाहिलेले असतात. जे पाहिलं नाही ते ती कसं सांगेल? मी हा प्रश्न विचारणं फार पूर्वी सोडलं. रात्रीचं जेवण झाल्यावर ओट्यावर बसून मी विचारायचे, ‘एखाद्याचं काम बघून तुला कधी वाटलं का, हे मला जमेल?’

एका अकरावीच्या मुलीने यावर सांगितलं होतं, ‘जमीन मोजायचं.’ वर्गात ती नर्सिंग म्हणणाऱ्यांतली. २००६च्या वनहक्क कायद्याखाली तिच्या बापाचा दावा होता, त्याची मोजणी झाली तेव्हा ही सातवीत होती. मोजणारा माणूस हातात जीपीएस घेऊन बांधाबांधाने चालला आणि ही त्याच्यामागे आकडे लिहायची वही धरून. शेवटी त्याने कागदावर शेताचा आकार काढून दाखवला. ‘आमचं शेत असं दिसतं, ते मला पहिल्यांदा कळलं,’ ती म्हणाली. हे सांगताना ती बोटाने ओट्याच्या धुळीत तो आकार काढत होती, एक कोपरा नाल्याकडे खेचलेला. चार वर्षं तिने तो डोक्यात ठेवला होता आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगितला नव्हता. आयटीआयला सर्व्हेअर नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सिव्हिलची पदविका आहे आणि भूमी अभिलेख खात्यातल्या भूकरमापकाच्या भरतीला हे दोन्ही चालतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. ती आज सर्वेक्षणाच्या कामात आहे.

म्हणून तुमच्या ३४ मुलींशी एकेकटीने बोला, दहा-दहा मिनिटं का होईना. पोस्टरवरच्या मोठ्या माणसांचा उपयोग होतो, पण वेगळ्या तऱ्हेने. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या उपरबेडा या आपल्या गावातून कॉलेजात गेलेल्या पहिल्या मुलगी. हे सांगितलं तेव्हा आमच्या मुलींनी त्या राष्ट्रपती कशा झाल्या, हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ‘भुवनेश्वरला राहिल्या कुठे? पैसे कुणी दिले?’ या मुलींना दिशा हवी असते तशी वाटही हवी असते, आणि वाटेची माहिती त्यांना दोन वर्षं पुढे गेलेली, त्यांच्याच पाड्यातली किंवा शेजारच्या पाड्यातली मुलगी सगळ्यात चांगली देते. अशा चार मुलींचे नंबर तुमच्याकडे असायला हवेत.

घराबद्दल बोलायचं तर आपण सपाटीवरच्या लोकांनी आपले मापदंड इथे आणू नयेत. ‘मुलगी ओझं नाही, हुंड्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा’ हे भाषण सातपुड्यात निरर्थक आहे. इथे हुंडा नाही, देज आहे. मुलाकडचे मुलीच्या घरी देतात. मुलगी इथे ओझं नसते, ती हात असते. दिवाळीनंतर टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि मागे लहान भावंडं, शेळ्या, म्हातारी आजी हे सगळं सोळा-सतरा वर्षांची मुलगी बघते. तिला कॉलेजात पाठवणं म्हणजे घरातला एक जाणता माणूस कमी करणं. बाप नाही म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हे गणित असतं. दुसरं भय असतं ते ती शहरात कुणाबरोबर निघून जाईल याचं. मग पंच बसणार, झगडा तोडायचा, म्हणजे तंटा मिटवायचा, त्यात पैसा आणि अब्रू दोन्ही जाणार. हे भय हसण्यावारी नेऊ नका. बापाला वसतिगृह दाखवा, गृहपालबाईंशी बोलू द्या, त्यांचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून द्या. लग्नं लवकर होतात हेही खरंच, आणि ती रोखायलाच हवीत. पण माझ्या पाहण्यात बारावीनंतर प्रवेश पक्का झालेल्या मुलीचं लग्न घरच्यांनी बहुधा थांबवलं. लग्नं उरकली गेली ती निकालानंतर दोन-तीन महिने घरी नुसत्या बसलेल्या मुलींची. रिकामा गेलेला जून-जुलै फार महागात पडतो.

आणि तो रिकामा का जातो, तर कागदांमुळे. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मुली मी इथे गमावल्या.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बी.ए.ला प्रवेश घेताना सहसा कुणी मागत नाही. आमच्या इतक्या मुली बी.ए.ला का जातात, याचं एक मोठं कारण हे आहे. त्यांना इतिहासाची किंवा मराठीची गोडी असते म्हणून जातात, असं प्रत्येक वेळी समजू नका. त्यांची व्हॅलिडिटी, म्हणजे हे वैधता प्रमाणपत्र, झालेली नसते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचा पुरावा द्यायचा असतो, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या बहुतेक पाड्यांवर तेव्हा शाळाच नव्हती. आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणणार? तिथे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे, हे शोधावं लागतं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असणं. काका, आत्या, चुलतभाऊ. मुलीला विचारलं तर ‘नाही’ म्हणते, कारण तिला माहीत नसतं. वंशावळ काढायला बसा. तीन पिढ्यांची नावं तिच्या आजीकडून लिहून आणायला सांगा. पाचातल्या दोन घरांत तरी कुणी ना कुणी शिक्षक किंवा वनरक्षक झालेला नातलग सापडतो, आणि त्याच्या प्रमाणपत्राची प्रत म्हणजे मुलीचं एक अख्खं वर्ष वाचतं.

मग नावांचा गोंधळ. बापाच्या दाखल्यावर ‘भिल्ल’, मुलीच्या दाखल्यावर ‘पावरा’. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल, तडवी भिल्ल, पावरा, वसावे या सगळ्यांची नोंद ८ या एकाच क्रमांकाखाली आहे, तरी टेबलावरचा माणूस अडतो आणि मुलगी परत येते. पहिलीत नाव घालताना कुणा गुरुजींनी ‘पावरा’चं ‘पवार’ करून ठेवलेलं असतं. जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली १ जून. आधार कार्डावर आडनाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. ही दुरुस्ती अकरावीत सुरू केली तर होते. निकालानंतर सुरू केली तर प्रवेशाच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

एका मे महिन्यातली गोष्ट सांगते. धडगाव भागात मे म्हणजे आमचूरचा महिना. घरातले सगळे कैऱ्या सोलतात, फोडी करतात, वाळवतात. वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी बँक खातं आधारला जोडायला तालुक्याला आली. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, काही नाही. मी तिचा हात पालथा केला. महिनाभर कैऱ्या सोलून बोटांची टोकं काळी पडून भेगाळली होती, रेषाच राहिल्या नव्हत्या. ‘सोमवारी या,’ असं सांगितलं गेलं. सोमवारने तिची बोटं भरून येणार नव्हती. मोबाईलवर ओटीपी मागवावा, तर नोंदलेला नंबर बापाचा, आणि तो फोन घेऊन कामासाठी गुजरातेत बारडोलीकडे. तिने मला विचारलं, ‘मॅडम, आता हे राहू द्यायचं का?’ रडत नव्हती. अगदी साधेपणाने विचारत होती, जणू एवढा खटाटोप तिच्यासाठी मुळातच जास्त आहे. आपण ज्याला महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणतो, तो अनेकदा असा दिसतो. ते काम जूनच्या शेवटी झालं, आणि तिचं बी.एस्सी. झालं.

तेव्हापासून माझा नियम: आधार, खातं आणि नोंदलेला मोबाईल ही कामं फेब्रुवारीच्या आत. नंबर मुलीचा स्वतःचा किंवा गावातच राहणाऱ्या माणसाचा. आणि आधारला कोणतं खातं जोडलंय ते तपासून घ्या. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं असतं, शिष्यवृत्ती त्यात जाऊन पडते आणि मुलगी वर्षभर ‘आली नाही’ म्हणत बसते.

पैशाचं. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, २०१६-१७ पासूनची. त्यात जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे दर ठरले. कागदावर हे चांगलं आहे आणि मी ते मनापासून चांगलं म्हणते. या पैशांवर शिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. अडचण वेळेची आहे. खोलीमालक डिपॉझिट जुलैत मागतो, मेसवाला पैसे आगाऊ मागतो आणि हप्ता येतो त्यानंतर कधीतरी. मधले दोन-तीन महिने जिच्या बापाला सावकाराकडे जावं लागतं, ती मुलगी गणपतीच्या सुट्टीत घरी येते ती परत जात नाही.

यावर आम्ही एक छोटी गोष्ट केली. नोकरीला लागलेल्या आमच्या जुन्या मुलींनी भिशीसारखा निधी उभा केला. नवीन मुलीला जुलैत दहा हजार उसने, हप्ता आला की परत. व्याज नाही, कागद नाही, वहीत एक सही. परतफेड न झाल्याच्या नोंदी माझ्या वहीत तीनच आहेत, आणि त्यातल्या दोघी आजारपणामुळे शिक्षण सोडलेल्या. तुमच्या महाविद्यालयात शिक्षकांनी मिळून हे सुरू करता येईल. पाच मुलींपुरतं केलंत तरी पाच मुली सप्टेंबर पार करतील.

नर्सिंगबद्दल एक इशारा. या शब्दाची ओढ ओळखून गावोगाव वर्ग उघडणारे आहेत. एक खोली, दोन खाटा, एक सांगाडा आणि भरमसाट फी. मूळ कागदपत्रं ठेवून घेतात. प्रवेशाआधी त्या संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते तुम्ही स्वतः बघा, आणि मूळ कागद कुणालाही ठेवायला देऊ नका. बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा लागते. म्हणजे खरा निर्णय दहावीनंतर होऊन गेलेला असतो, आणि डोंगरातल्या मुलीसाठी जवळ असते ती बहुधा कला शाखाच. तुमच्या बारावीच्या मुलींसाठी ते दार बंद झालं असेल. शेजारच्या आश्रमशाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींसाठी अजून उघडं आहे. वर्षातून दोनदा तिथे जाऊन या. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर घडतात हे डोळ्यांनी दिसावं, म्हणून तुमच्या मुलींना एकदा त्या इमारतीपर्यंत नुसतं नेऊन आणा.

बी.ए.ला मी नावं ठेवत नाही. ज्या मुलीला वाचायला आवडतं, जिला शिक्षिका व्हायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायच्यात, तिने खुशाल करावं. फक्त वर्ष ढकलायला केलेलं बी.ए. आणि ठरवून केलेलं बी.ए. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक प्रवेशाच्या दिवशी कुणीतरी तिच्याशी बसून बोलण्याने पडतो.

शेवटचा टप्पा शहरातले पहिले काही आठवडे. घरात पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि आता एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक. प्राध्यापकांना वाटतं मुलगी मंद आहे, मुलीला वाटतं आपण इथल्या नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदाकाठी चालवलेल्या जीवनशाळांनी सुरुवात मुलांच्या बोलीतून केली. तिथून आलेल्या मुली वर्गात हात वर करायला कमी कचरत, असं मी पाहिलंय. बारावीच्या शेवटच्या दोन महिन्यांत तुम्ही तुमच्या विषयाचे शंभर-दीडशे इंग्रजी शब्द त्यांच्या बोलीतल्या अर्थासह वहीत उतरवून घ्या. मुली बोलीतला शब्द तुम्हाला सांगतील, तुम्ही इंग्रजी सांगा. शिकवणं दोन्ही बाजूंनी झालं की भीती जाते.

तब्येतही बघा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि वेदनेच्या झटक्याने परीक्षा बुडालेल्या मुलींना ‘नखरे’ म्हटलेलं मी ऐकलंय. तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर त्याचे लाभ मागता येतात, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं.

आणि विश्वासाचं एक बोलायलाच हवं. सुट्टीवरून परतलेल्या मुलींकडे गर्भचाचणीचा अहवाल मागण्याचे प्रकार काही वसतिगृहांत घडल्याचं वर्तमानपत्रांत आलं. शिकायला आलेल्या मुलीकडे संशयाने बघणारं दार तिने कशासाठी ओलांडायचं? तुमच्या मुलींपैकी कुणाला असं विचारलं गेलं तर तिला एकटीला तोंड देऊ देऊ नका. तिच्या बाजूने लेखी तक्रार करा.

दिवाळी तोंडावर आहे. टोळ्या निघण्याआधी पालकांची एक बैठक घ्या, महाविद्यालयात नको, पाड्यावर, संध्याकाळी, कामं आटोपल्यावर. प्रत्येक घराकडून तीन गोष्टी घ्या: आजोबांपर्यंतची नावं, नातलगांत कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर त्याचं नाव, आणि जानेवारी ते एप्रिल लागेल असा एक फोन नंबर. पहिल्याच बैठकीत ३४ घरं येणार नाहीत. आली तितक्यांचं लिहून घ्या आणि उरलेल्यांकडे त्यांच्याच मुलींना सोबत घेऊन जा.